दोनदा दाबायचा ब्रेक

“मी दाबला होता ब्रेक,” लेक म्हणाली.

खरंच दाबला होता. मी शेजारच्या सीटवर होतो आणि माझं सगळं लक्ष तिच्या पायाकडे होतं. मोकळं मैदान, वेग जेमतेम तीस, समोर खूण म्हणून ठेवलेलं पुठ्ठ्याचं रिकामं खोकं. तिनं वेळेवर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, वेळेवर ब्रेकवर ठेवला आणि नीट दाबला. तरी गाडी खोकं ढकलत पुढे गेली आणि मगच थांबली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपलं नेमकं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं, एवढंच.

मी सांगायला तोंड उघडलं. सांगणार होतो ते असं: या गाडीचा ब्रेक दोनदा दाबायचा असतो. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याच्या खाली जातं. सोडून लगेच पुन्हा दाबलं की वर येतं आणि तेव्हा ब्रेक धरतो. शिवाय ब्रेक लागताना गाडी डावीकडे ओढते, म्हणून स्टिअरिंग आधीच किंचित उजवीकडे धरायचं. चाकं पाण्यातून गेली की थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायची, म्हणजे ड्रम सुकतात. आणि उतारावर दुसरा गिअर, ब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही.

हे सगळं ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. बावीस वर्षं ही गाडी मी चालवतोय. तिच्या एकेका खोडीची माझ्या अंगाला इतकी सवय झाली होती, की या खोडी आहेत हेच मी विसरलो होतो. कुणी विचारलं असतं, ब्रेक कसे आहेत, तर मी ‘चांगले आहेत’ म्हणालो असतो आणि ते मला खरं वाटलं असतं. ब्रेक चांगले नव्हते. माझा पाय त्यांना सांभाळून घेत होता, आणि तो पाय काही लेकीला देता येणार नव्हता.

“तुझं काही चुकलं नाही,” मी म्हणालो. “ब्रेकमध्ये दोष आहे.” आणि जागा बदलून गाडी मीच परत आणली.

गाडी जुन्या घडणीची. चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा, ज्याला आतून ‘शू’ दाबले की ब्रेक लागतो. पेडलचा जोर ब्रेकच्या द्रवाला देणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना मिळून द्रवाची एकच वाट. पायाच्या जोरात भर घालणारा बूस्टर नाही. ती बनली तेव्हा अशा छोट्या गाड्यांना तेवढंच असायचं आणि तेव्हाच्या रस्त्यांना, तेव्हाच्या वेगांना ते पुरत असे. आजूबाजूच्या गाड्या मात्र आता फार कमी अंतरात थांबतात. पुढचा थांबला की आपल्यालाही तेवढ्यातच थांबावं लागतं, आपली गाडी कुठल्या सालची आहे हे तो विचारत नाही.

याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलला कंपनीनं पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या तबकड्या, दिल्या होत्या, दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टरही दिला होता. मी तोच संच जमवायचा ठरवला: हब, डिस्क, त्यांना पॅडनं चिमटीत धरणारे कॅलिपर आणि त्यांचे ब्रॅकेट, बूस्टर, मास्टर सिलिंडर. मागे ड्रमच ठेवायचे, फक्त आतले, शूंना ढकलणारे व्हील सिलिंडर आणि शू नवे. याहून मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर, लाल रंग असं बरंच काही बसवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. पुढचा ब्रेक किती धरायचा आणि मागचा किती, हे गणित कुणीतरी गाडीचं वजन, चाकांतलं अंतर, ब्रेक लावल्यावर पुढे सरकणारा भार हे सगळं धरून सोडवलेलं असतं. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली तर गाडीची शेपूट फिरते आणि मग स्टिअरिंगच्या हातात काही राहत नाही. घरातल्या फरशीवर बसून मला ते गणित मांडता येणार नव्हतं. ज्यांनी मांडलं होतं त्यांचं उत्तर उचलणं मला जास्त सुरक्षित वाटलं.

कामाला हात घालण्याआधी चार-पाच दिवस मी नुसता वाचत आणि कागदावर आकडे मांडत बसलो होतो. ते दिवस मला आजही आवडीनं आठवतात. ब्रेक हे उष्णतेचं यंत्र आहे, ही गोष्ट ऐकून माहीत होती. आकडा मांडल्यावर ती अंगाला भिडली. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी ८० किमी वेगानं चालली असेल तर तिच्यात सुमारे २४७ किलोज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा नाहीशी होत नाही, बहुतेक सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. साध्या तपमानाचं पाऊण लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढी. तीही चार-पाच सेकंदांत. वेग अर्धा, म्हणजे ४० केला, तर ऊर्जा अर्धी होत नाही, चौथाई होते. मैदानात तीसच्या वेगाला खोकं ढकललं गेलं होतं. ऐंशीला काय झालं असतं, याचं उत्तर त्या कागदावर होतं आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

ड्रमची अडचण इथेच येते. शू आतून बाहेर दाबले जातात, ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. जितका तापेल तितकं पेडल खोल. उष्णता आत कोंडते, पाणीही कोंडतं. डिस्क उघडी फिरते, वारा लागतो, पाणी फेकलं जातं आणि पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ती तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनंच जाड होते.

पण ड्रमचा एक गुण आहे आणि तो न ओळखता डिस्क बसवणारा फसतो. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्याबरोबर स्वतःच ड्रमकडे ओढला जातो. पायानं थोडं दिलं की फिरता ड्रम त्यात आपली भर घालतो. डिस्कला अशी भर मिळत नाही. तिला जेवढं दाबाल तेवढंच ती धरते. म्हणून बूस्टर नसलेल्या गाडीला नुसत्या डिस्क लावल्या की ब्रेक आधीपेक्षा जड वाटतो आणि माणूस म्हणतो, एवढं करून काय मिळालं? बूस्टर ही चैन नाही. शूनं स्वतःहून केलेलं काम आता इंजिनच्या व्हॅक्युमकडून करून घ्यायचं असतं.

तसाच आणखी एक बारीक मुद्दा. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बऱ्याचदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाईपमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवतो. शूच्या स्प्रिंगा घट्ट असतात, त्यांना त्या दाबाचा त्रास होत नाही. कॅलिपरमध्ये स्प्रिंगा नसतात. तोच व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सुटतच नाहीत, घासत राहतात, तापत राहतात. म्हणून मास्टर सिलिंडर पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशा जोडीचाच हवा.

माणसांनी या चार चाकांच्या थांबण्यावर किती काळ डोकं चालवलंय! १८८८ साली जर्मनीत, मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीतून निघाल्या, तेव्हा वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. त्यांनी एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. जुन्या ब्रेकमध्ये रस्त्यातच केलेली ती सुधारणा पुढे ब्रेक लायनिंग म्हणून ओळखली गेली. १९०२ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. तांब्याचे पॅड होते, ते भयंकर किंचाळत. चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक असलेली ड्युसेनबर्ग १९२१ मध्ये आली. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार जिंकली आणि १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही रोजच्या वापराची गाडी पुढच्या डिस्क घेऊन मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागली. यातल्या बर्था बेंझ मला फार जवळच्या वाटतात. गाडी चालवणाऱ्याला ब्रेकमध्ये जे जाणवलं, ते त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मी बावीस वर्षं सवय करून घेतली.

शनिवारी सकाळी गाडी उचलली. जॅकनं फक्त उचलायची, टेकवायची स्टँडवर. चाकाखाली लाकडाचे ठोकळे आणि काढलेली चाकं गाडीच्या पोटाखाली आडवी. जॅकच्या भरवशावर गाडीखाली मान घालायची नाही, हे मी लेकीला पहिल्यांदा दाखवलं. तिनं मदतीला यायचं आपण होऊन ठरवलं होतं.

मागचा ड्रम काढायच्या आधी त्यावर पाणी मारून घेतलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुंकायची नाही आणि हवेच्या पाईपनं तर मुळीच उडवायची नाही. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. ड्रम निघाल्यावर दिसलं, की व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली तेल पाझरलंय आणि त्याचा काळा चिकट ओघळ पार टायरच्या आतल्या बाजूपर्यंत आलाय. एकाच सर्किटच्या गाडीत हा सिलिंडर कधी पूर्ण सुटला असता तर चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले असते. दोन सर्किटांच्या मास्टरमध्ये एक बाजू गेली तरी पेडल खोल जातं, पण दुसरी बाजू धरते. अमेरिकेनं १९६८ पासून नव्या मोटारींना हे बंधनकारक केलं. माझ्या गाडीच्या बनवणाऱ्यांनी ते नंतर दिलं. त्या काळ्या ओघळाकडे बघताना मला वाटलं, या एका बदलासाठी बाकी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं.

मग पुढच्या उजव्या चाकाचा होज, म्हणजे पाईपमधलं द्रव चाकापर्यंत नेणारी रबरी नळी, सोडवला. बाहेरून चांगला दिसत होता. थोड्या भेगा, जुन्या रबराला असतात तशा. पाईपच्या बाजूनं आत फुंकायला गेलो तर हवा जाईना. म्हणून धारदार सुरीनं तो उभा चिरला आणि उघडून लेकीच्या तळहातावर ठेवला.

होजच्या आतली वाट साधारण तीन मिलिमीटर रुंद असायला हवी. इथे आतलं रबर सुजून चहूबाजूंनी मिटत आलं होतं. मधे उरलेली फट शिवणाच्या सुईपेक्षा जाड नव्हती. एका ठिकाणी रबराचा पापुद्रा सुटून पडद्यासारखा लोंबत होता. नखानं एका बाजूनं ढकलला की तो आडवा पडून वाट मोकळी करी, दुसऱ्या बाजूनं ढकलला की वाट बंद करून बसे. म्हणजे पायानं जोरात दाबलं की तेल उशिरा का होईना चाकापर्यंत पोचायचं, पाय काढल्यावर मात्र लवकर परत यायचं नाही.

इतकी वर्षं गाडी डावीकडे का ओढत होती, ते माझ्या लेकीच्या तळहातावर पडलं होतं. उजवा ब्रेक उशिरा लागत होता म्हणून डावा एकटाच ओढायचा. आणि पेडल सोडल्यावर क्षणभर गाडी उजवीकडे जायची, कारण उजवा सुटायचा नाही. ही दुसरी खोड तर मी कधी खोड म्हणून मोजलीसुद्धा नव्हती. प्रत्येक वेळी डाव्या ड्रमचं ॲडजस्टमेंट कमी करून घेत होतो, म्हणजे चांगला लागणारा ब्रेक बिघडवून वाईटाच्या बरोबरीला आणत होतो. कमी केलेल्या त्या ॲडजस्टमेंटमुळेच पेडल आणखी खोल जायचं. म्हणजे दोनदा दाबायची निम्मी गरज मीच तयार केली होती. मला त्या क्षणी मनापासून वाईट वाटलं.

“हे बाहेरून कळलंच नसतं ना?” तिनं विचारलं.

बाहेरून नाही. पायाला कळत होतं.

पाईपचं काम मी स्वतः करायचं ठरवलं होतं, कारण नव्या मास्टरच्या जागेला जुने पाईप पोचत नव्हते. ब्रेकचा पाईप साध्या तांब्याचा चालत नाही. थरथरीनं तो कडक होऊन तडकतो. स्टीलचा घ्यायचा किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा. मी दुसरा घेतला, हातानं वाकतो आणि गंजत नाही. टोकाला फ्लेअर करायचा, म्हणजे पाईपचं तोंड उमलवून दुमडायचं, ते नटाच्या दाबानं जागेवर बसतं. दुमड दुहेरीच हवी. एकेरी दुमड फाटते. उरलेल्या तुकड्यावर मी सात-आठ फ्लेअर करून पाहिले. पहिले चार वाकडे आले, एकाला केसाएवढी चीर होती. ती चीर भिंगातून दिसली, नुसत्या डोळ्यानं दिसली नसती. पाचव्यापासून हात बसला. नट आधी पाईपवर ओवायचा आणि मग फ्लेअर करायचा, हा क्रम एकदा चुकला की अख्खा तुकडा वाया. आणि नट सोडवायला साधा पाना लावायचा नाही, कडा गोल होतात. तोंडाशी खाच असलेला, नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा रिंग पानाच हवा.

बाकीची जोडणी शांतपणे झाली. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसला. बेअरिंगला ग्रीस, कॅसल नट, नवी स्प्लिट पिन. रिम बसवून हातानं फिरवून पाहिली, कॅलिपर कुठे लागत नाही ना. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं आवळला आणि आवळलेल्यावर रंगाचा ठिपका दिला. ठिपका नसलेला बोल्ट म्हणजे अजून न आवळलेला बोल्ट. हे काम तिच्याकडे होतं आणि तिनं दोन बोल्ट मला पुन्हा आवळायला लावले.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते ऑइल नव्हे. ब्रेकमधली रबरं इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस लागलं की फुगतात आणि कामातून जातात. थेंबभर चुकीचं तेल पडलं तरी सगळे सील बदलावे लागतात. म्हणून नावात फसायचं नाही, डब्यावर डॉट ३, डॉट ४ असं जे लिहिलेलं असतं ते वाचायचं. डॉट ४ चं ताजं द्रव २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं तर पाईपमध्ये वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकतं. माझ्या गाडीतलं जुनं द्रव मी बाटलीत काढलं तेव्हा ते काळपट तपकिरी होतं. शेवटचं कधी बदललं होतं ते मला आठवेना.

आता पाईपांत शिरलेली हवा काढायची. हे काम दोघांचं आहे. एकानं पेडलवर बसायचं, दुसऱ्यानं चाकापाशी. चाकापाशी हवा काढायची छोटी तोटी असते, ते निपल. त्याला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेलं.

“दाब.”

“दाबलंय.”

निपल पाव आटा सैल. नळीतून द्रव येतं, त्यात बुडबुडे. निपल बंद.

“सोड.”

मी ‘सोड’ म्हणेपर्यंत तिनं पाय काढायचा नाही. काढला तर निपलमधून हवा परत आत. पेडलवरच्या माणसाला चाक दिसत नाही आणि चाकापाशी बसलेल्याला पेडल दिसत नाही. मधे फक्त आवाज. अर्ध्या तासात आमची लय जमली. मधे मधे मास्टरचा डबा भरत राहायचं, तो रिकामा झाला की पहिल्यापासून सुरुवात.

चारही चाकांतून बुडबुडे यायचे थांबले. स्वच्छ, सोनेरी द्रव येऊ लागलं. मी हात पुसले आणि विचारलं, “कसं वाटतंय?”

“स्पंजसारखं,” ती म्हणाली. “खाली जातंय आणि परत ढकलतंय.”

पुन्हा चारही चाकं. पुन्हा स्पंज. तिसऱ्यांदा केलं तेव्हा अंधार पडला होता. मला मास्टर सिलिंडरचा संशय आला. नवाच होता, पण नवी वस्तूही सदोष निघते. रात्री मी तो परत करायचा विचार करत पडलो होतो.

सकाळी डोकं ताजं झाल्यावर वेगळं केलं. होज दाबून धरायचे गोल तोंडाचे क्लॅम्प मिळतात, ते तिन्ही होजना लावले: पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलचा एक. आता मास्टरपासून होजपर्यंतचाच भाग उरला.

“दाब.”

“दगड आहे.”

म्हणजे मास्टर निर्दोष. रात्रभर मी त्याला उगाच दोष देत होतो. मागचा क्लॅम्प काढला.

“दगड. थोडंसं हललं, पण दगडच.”

पुढचा डावा काढला.

“गेलं खाली.”

तो परत लावून उजवा काढला. “हेही गेलं.”

मी पुढच्या चाकापाशी जमिनीवर आडवा पडून कॅलिपर नुसता बघत राहिलो. निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला होतं. दोन्ही बाजूंना. कॅलिपर डावा आणि उजवा एकमेकांची हुबेहूब आरशातली प्रतिमा असतात आणि माझ्या ब्रॅकेटवर कुठलाही कुठेही बसतो. मी त्यांची अदलाबदल केली होती. हवा द्रवात वर जाते, निपल खाली. कितीही वेळा पेडल मारलं तरी खालून स्वच्छ द्रवच येणार आणि वरच्या कोपऱ्यातली हवा हलणार नाही.

आणि ती हवा थोडी असली तरी पुरते. माझ्या मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिमी, कॅलिपरच्या पिस्टनचा ४८. पायानं पेडलवर २० किलो दिले तर पेडलच्या पाचपट तरफेनं मास्टरवर १०० होतात आणि क्षेत्रफळांच्या फरकानं कॅलिपरच्या पिस्टनवर पावणेसहाशे. हे नुसत्या पायाचं, बूस्टरचं बळ यात धरलेलंच नाही. पास्कलचा नियम, म्हणजे बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा, शाळेत घोकला होता. तो इथे माझ्यासमोर तेलात बुडून बसला होता. पण हे सगळं द्रव दाबलं जात नाही म्हणून. त्यात तीन सीसी हवा राहिली तर ती पूर्ण चेपली जाईपर्यंत पेडलचे जवळपास पाच सेंटिमीटर नुसतेच जातात. मधल्या त्या पाच सेंटिमीटरमध्ये गाडी चालतच असते.

कॅलिपर उतरवले, बाजू बदलल्या, तांब्याचे वॉशर पुन्हा नवे घातले. निपल आता वर. पहिल्याच ‘दाब’ला नळीतून द्रव आलंच नाही, हवेचा एक लांब, सलग तुकडा सरकत आला. काचेच्या नळीत पारा सरकावा तसा. मग फेस, मग एक एक बुडबुडा, मग शेवटचा, टाचणीच्या डोक्याएवढा.

आतून आवाज आला, “बाबा, आता वरच थांबलं.”

मी काही न विचारता ती सांगायला लागली, की पाय कुठे टेकतो, किती दाबल्यावर पुढे जात नाही, सोडताना कसा परत येतो. दोन दिवसांत तिनं ते पेडल तीनशे वेळा तरी दाबलं असेल. स्पंज कसा लागतो, दगड कसा लागतो, हे तिच्या पायाला आता शब्दांशिवाय कळत होतं. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारायचं, मग दाबून धरून इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली बसलं की बूस्टर काम करतोय. हे तिनंच करून पाहिलं आणि मला सांगितलं.

एवढं झालं तरी मी गाडी लगेच रस्त्यावर नेली नाही. ओळखीच्या एका जुन्या, अनुभवी मेकॅनिकना घरी बोलावलं आणि काही न सांगता सगळं बघायला लावलं. त्यांनी एका होजचं वळण दुरुस्त केलं; स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर तो टायरला टेकला असता. मी स्टिअरिंग सरळ ठेवूनच तपासलं होतं. आपण केलेलं ब्रेकचं काम आपल्याच डोळ्यांनी पास करू नये, असं माझं ठाम मत झालंय. नंतर ब्रेक तपासणीच्या रोलरवर गाडी नेली. डाव्या-उजव्या चाकांतला फरक नगण्य निघाला.

नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना बसवून घ्यावे लागतात. रिकाम्या, सरळ रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत मध्यम जोरानं वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा पन्नास. असं दहा वेळा, मग ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्यायचं. डिस्कवर पॅडचा एकसारखा राखाडी थर धरतो. पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक मऊ लागला, पाचव्यानंतर तो पायाबरोबर यायला लागला. जितका पाय, तितका ब्रेक. स्टिअरिंग मी दोन बोटांवर धरलं होतं, ते जागचं हललं नाही.

रात्री प्रत्येक चाकाखाली आणि मास्टर सिलिंडरच्या बरोबर खाली एकेक पांढरा कागद अंथरून ठेवला. सकाळी मी खाली पोचलो तर कागद आधीच उचललेले. लेक ते उजेडाकडे धरून एकेक बघत होती. पाचही कोरडे होते. तिनं त्यांवर तारीख टाकली आणि गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवून दिले.

दुपारी आम्ही मैदानावर गेलो. जाताना गाडी मी चालवत होतो. वळणाआधी वेग कमी करायला ब्रेक लावला आणि पाय आपोआप उचलला जाऊन पुन्हा पडला. गाडीनं दोन हलके हिसके दिले.

“बाबा,” तिनं विचारलं, “दोनदा का दाबलास?”